विज्ञान सोडले, कला-वाणिज्य धरले: एका तालुका महाविद्यालयाचे प्रकरण

हे एकाच महाविद्यालयाचे हुबेहूब वर्णन नाही. तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांत वारंवार दिसणारी परिस्थिती इथे एका आवारात आणून बसवली आहे. विद्यार्थिसंख्या आणि रुपये हिशेब उलगडावा म्हणून धरलेले आहेत. कायदे, नियम आणि योजना मात्र आहेत तशा दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातले तालुक्याचे गाव, जिल्ह्याच्या ठिकाणापासून ६० किलोमीटरवर. संस्था १९९१ ची. १४ एकरांच्या आवारात माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय. वरिष्ठ महाविद्यालयात बी.ए. आणि बी.कॉम. अनुदानित. बी.एस्सी. २००९ मध्ये कायम विनाअनुदानित तत्त्वावर सुरू झालेले.

पुढचे सगळे या फरकावर अवलंबून असल्याने तो आधी सांगायला हवा. अनुदानित बाजूच्या मंजूर पदांचा पगार शासन देते, तो सेवार्थ प्रणालीतून थेट प्राध्यापकांच्या खात्यावर जातो. विनाअनुदानित बाजूचा प्रत्येक रुपया विद्यार्थ्यांच्या शुल्कातून किंवा संस्थेच्या खिशातून येतो. बाहेरून बघणाऱ्याला इमारत एक, फलक एक आणि प्राचार्य एक दिसतात, पण तिजोऱ्या दोन असतात. संस्थेच्या बैठकीत मात्र वर्षानुवर्षे एकच आकडा मांडला जात होता: ‘महाविद्यालयाचा तोटा’.

जून २०२२ ची स्थिती अशी. पाच वर्षांत प्रथम वर्ष बी.ए.चे प्रवेश १८० वरून ७१ वर आले होते, बी.कॉम.चे ६० वरून ३८ वर. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत मिळून विद्यार्थी ७४. अनुदानित १४ मंजूर पदांपैकी ६ भरलेली, बाकी काम तासिका तत्त्वावर. प्राचार्यपद चार वर्षे प्रभारी. नॅक या महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनाची मुदत संपलेली आणि चार वर्षांचे वार्षिक गुणवत्ता अहवाल भरलेले नव्हते. रोखीची वार्षिक तूट साधारण साडेचौदा लाख.

अडचण नेमकी कुठे होती

संस्थाचालकांच्या मते अडचण पैशांची होती. कार्यालयीन अधीक्षकांनी दोन तिजोऱ्यांचा हिशेब वेगळा काढला तेव्हा ती दोन ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारची निघाली.

पहिली विज्ञानाची. ७४ विद्यार्थी, प्रत्येकी ११ हजार शुल्क, म्हणजे कागदावर ८ लाख १४ हजार. खर्च असा: सात शिक्षकांचे दरमहा १४ हजारांप्रमाणे ११ लाख ७६ हजार, दोन प्रयोगशाळा परिचरांचे १ लाख ९२ हजार, रसायने, काचसामान आणि गॅस १ लाख ६० हजार, संलग्नीकरण व इतर शुल्क ९० हजार. बेरीज १६ लाख १८ हजार. कागदावरची तूट ८ लाख. पण मार्चअखेर हातात आलेले शुल्क फक्त ५ लाख २० हजार होते, म्हणून खरी तूट जवळपास ११ लाख. थकबाकीचा मोठा भाग शिष्यवृत्तीधारकांचा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो आणि त्यातून महाविद्यालयाचे शुल्क विद्यार्थ्याने भरायचे असते. पैसे जमा होतात तेव्हा घरात खताची किंवा दवाखान्याची उधारी उभी असते. त्यात मुलाला दोष देण्यासारखे काही नाही, पण विनाअनुदानित तुकडीचा पगार त्याच पैशांवर ठरवलेला असेल तर तो रखडणारच.

दुसरी अडचण अनुदानित बाजूची. तिथे तूट कमी होती, धोका मोठा होता. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार १६ तासांचा. विद्यार्थी घटले की तुकडी जाते, तुकडी गेली की तासिका आणि तासिका गेल्या की पद. इंग्रजीचेच बघा. प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या दोन-दोन तुकड्यांची एकेक झाली, सक्तीच्या पेपरच्या प्रत्येकी ४ तासिका गेल्या. म्हणजे ८ तासिका, अर्धे पद. पद रिकामे असताना कार्यभार गेला तर ते पुन्हा मागायला आधार राहत नाही. गेलेला लाख रुपयांचा निधी कुठून तरी उभा करता येतो, गेलेले अनुदानित पद तालुक्याला परत मिळत नाही. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ हीच आणि नेमकी तीच ताळेबंदात दिसत नव्हती.

मुले गेली कुठे

पर्यायांची चर्चा सुरू करण्याआधी एक काम झाले, ते इतरांनी जसेच्या तसे उचलावे. त्याच आवारातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून त्या वर्षी १४२ विद्यार्थी बारावी उत्तीर्ण झाले होते. त्यांतले फक्त ३९ वरिष्ठ महाविद्यालयात आले. उरलेल्या १०३ जणांना फोन केले गेले. निकालपत्रावरचे क्रमांक बरेचदा बदललेले असतात, म्हणून वर्गमित्र, गावचा शिक्षक, किराणा दुकान अशा मार्गांनी.

२७ जणांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नावापुरता प्रवेश घेतला होता. खरे काम पोलीस भरतीची तयारी. २२ जण नर्सिंग, फार्मसी, तंत्रनिकेतन अशा अभ्यासक्रमांना गेले. १८ जणांचे शिक्षण थांबले. १६ जण पुण्याकडे औद्योगिक वसाहतींत कामाला लागले. ११ जणांनी मुक्त विद्यापीठ धरले. ९ जणांचा पत्ता लागला नाही.

तोवर बैठकांत एकच वाक्य फिरत होते: आर्ट्सला आता कोणी येत नाही. यादीने ते खोडले नाही, पण अर्धे केले. व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेले २२ परत येणार नव्हते. २७ भरतीवाले आणि १८ थांबलेले मिळून ४५ जण मात्र असे होते की, त्यांना पदवी नको नव्हती, त्यांना हे महाविद्यालय सोयीचे नव्हते.

थांबलेल्या १८ पैकी १४ मुली आणि त्यांतल्या १२ एकाच रस्त्यावरच्या तीन गावांतल्या. बारावीपर्यंत त्या साडेनऊच्या एसटीने येत. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींचा पास बारावीपर्यंत मोफत असतो. पदवीला गेल्यावर सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. त्याहून मोठा अडसर वेळेचा होता. वरिष्ठ महाविद्यालय पावणेआठला भरे आणि त्या रस्त्यावरून त्याआधी गाडीच नव्हती. महाविद्यालयाचे वेळापत्रक सकाळचे का, याचे उत्तर कोणालाच नीट देता आले नाही. दुपारी खोल्या कनिष्ठ महाविद्यालयाला लागतात, एवढेच कारण निघाले.

पर्याय

रस्त्याकडेची ४ एकर जमीन विकणे. अध्यक्षांचा कल याकडे होता. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अकृषिक जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायलाही ती लागते. परवानगीसाठी ठराव, मूल्यांकन आणि विक्रीची गरज दाखवणे आले. पण इथे प्रकरण तिथवर गेलेच नाही. सातबारा काढला तर ९ एकर संस्थेच्या नावावर आणि नेमके रस्त्याकडेचे ५ एकर अजून देणगीदाराच्या नावावर. १९९१ चे दानपत्र साध्या मुद्रांकावर, नोंदणी न केलेले. स्थावराचे दान नोंदणीकृत दस्ताशिवाय कायद्याने पुरे होत नाही. देणगीदार हयात नव्हते, वारस पाच. शिवाय एकदाच येणारा पैसा दरवर्षीच्या तुटीत घालणे म्हणजे बियाणे दळून खाणे, हे सचिवांनी बैठकीत स्पष्ट मांडले.

अध्यक्षांच्या ओळखीच्या पतसंस्थेचे कर्ज. विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. त्यात कर्ज देणारा आणि घेणारा एकाच घरोब्यातले. विषय दहा मिनिटांत संपला, तसाच संपायला हवा होता.

मोठ्या संस्थेकडे व्यवस्थापन सोपवणे. शहरातल्या एका शिक्षणसमूहाने रस दाखवला. दोन भेटींत त्यांचा भर कळला: जागेवर इंग्रजी शाळा आणि फार्मसी, कला शाखा ‘टप्प्याटप्प्याने’. व्यवस्थापन हस्तांतरणाला विद्यापीठाची आणि शासनाची मंजुरी लागते, तेव्हा ते सहज होणारे नव्हतेच. पण मूळ प्रश्न वेगळा होता. यातून वाचणार होते ते आवार. गावातले परवडणारे पदवी शिक्षण वाचत नव्हते.

नवा विनाअनुदानित अभ्यासक्रम काढणे. बी.सी.ए.चा प्रस्ताव तयारच होता. अडचणीतली ग्रामीण महाविद्यालये हमखास हीच चूक करतात: जुनी विनाअनुदानित तुकडी तोट्यात, म्हणून तिला सोबत म्हणून दुसरी. संगणक कक्ष, शिक्षक, संलग्नीकरण हा खर्च पहिल्या दिवशी आणि विद्यार्थी तिसऱ्या वर्षी, तेही आले तर.

विज्ञान बंद करून सगळे बळ अनुदानित बाजूला लावणे. हिशेबाला हा पर्याय सरळ, मनाला सगळ्यांत जड. विज्ञान शाखा म्हणजे संस्थेची प्रतिष्ठा होती आणि सात शिक्षक तेरा-तेरा वर्षे तुटपुंज्या पगारावर काम करत होते.

शेवटी हाच पर्याय निवडला गेला. तो एका अटीवर: वाचणारे पैसे अन्य कुठे न वळवता प्रवेश आणि पदभरतीच्या कामावर लावायचे.

काय केले

आधी कागद. विश्वस्त मंडळाच्या दोन निवडणुकांचे बदल अर्ज, म्हणजे नव्या विश्वस्तांची नावे नोंदवण्याचे अर्ज, सहायक धर्मादाय आयुक्तांकडे वादात होते. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो कळवायचा असतो; इथे अर्ज मुदतीत होते, पण दुसऱ्या गटाची हरकत पडून होती. अधिकृत सचिव कोण हेच नक्की नसल्यावर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय पदभरतीच्या कागदांवर कोणाची सही मानणार? दोन्ही गटांना एकत्र बसवून, विरोधी गटाच्या दोघांना महाविद्यालय विकास समितीत घेऊन, तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाली. याला सात महिने लागले आणि या काळात दिसण्यासारखे काहीच घडले नाही. विकास समितीच्या वर्षाला किमान चार बैठका विद्यापीठ कायद्यानेच सांगितल्या आहेत. इथे तीन वर्षांत एक झाली होती. ती घडी पुन्हा बसवली.

मग बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची नोंदवही. रिकाम्या पदांचे आरक्षण तपासून घेतल्याशिवाय पद भरण्यासाठीच्या ना हरकत प्रमाणपत्राचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. जुन्या नेमणुकांचे आदेश, जात प्रमाणपत्रे, वैधता प्रमाणपत्रे आणि विद्यापीठाच्या मान्यतेची पत्रे एका क्रमाने लावावी लागतात. १९९० च्या दशकातली दोन मान्यतापत्रे सापडत नव्हती, ती विद्यापीठाकडून प्रमाणित प्रत म्हणून मिळवली. पहिला प्रस्ताव प्राचार्यपदाचा पाठवला, हे शहाणपणाचे ठरले. प्राचार्यपदाला १५ वर्षांचा अनुभव, पीएच.डी., किमान १० संशोधन प्रकाशने आणि ११० संशोधन गुण लागतात. तालुक्याला यायला तयार असलेले उमेदवार मोजके. पहिल्या जाहिरातीला पात्र अर्ज दोनच आले आणि मुलाखती झाल्या नाहीत. दुसऱ्या जाहिरातीनंतर पद भरले.

विज्ञान शाखा अशी बंद झाली: २०२३-२४ पासून प्रथम वर्षाचे प्रवेश थांबवले, द्वितीय आणि तृतीय वर्ष पुढची दोन वर्षे पूर्ण क्षमतेने शिकवले. संलग्न अभ्यासक्रम परवानगीशिवाय आणि एका फटक्यात बंद करता येत नाही, आत असलेल्या मुलांचे शिक्षण पुरे करून द्यावे लागते. सातपैकी तिघे कनिष्ठ महाविद्यालयाच्या विनाअनुदानित तुकड्यांवर गेले, दोघांनी दुसरीकडे काम धरले, दोघांना शेवटच्या वर्षापर्यंत ठेवले. थकलेले पगार आधी चुकते करायचे असा ठराव होता आणि तो पाळला गेला. प्रयोगशाळा अकरावी-बारावीला दिल्या.

रिकाम्या होत गेलेल्या खोल्यांमुळे वेळापत्रक हलवता आले. आगार व्यवस्थापकांकडे आधी पहाटेची गाडी मागितली होती. त्यांनी पासधारकांची मार्गवार यादी मागितली, ती दिली, पण चालक-वाहकांच्या पाळ्यांत ती फेरी बसेना. तेव्हा गाडी बदलण्याऐवजी बी.ए.चे तास बदलले: साडेदहा ते तीन. बी.कॉम. सकाळीच राहिले. कामावर जाणाऱ्या मुलांना दुपारचे बी.ए. गैरसोयीचे होणार हे दिसत होते. त्या वर्षी अशा नऊ जणांनी मुक्त विद्यापीठाची वाट धरली. मुलींची हजेरी आणि तिसऱ्या वर्षापर्यंत टिकण्याचे प्रमाण चांगले, म्हणून निवड त्यांच्या बाजूने केली. पासचे पहिल्या दोन महिन्यांचे पैसे माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून दिले. त्यानंतर बहुतेक घरांनी स्वतःच पास चालू ठेवला.

भरतीच्या मुलांसाठी वर्गाऐवजी मैदान आणि अभ्यासिका दिली. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची. मैदान सपाट करून धावपट्टी आखली. अभ्यासिका पहाटे सहा ते रात्री दहा, प्रवेशित विद्यार्थ्यांना महिना १५० रुपये, बाहेरच्यांना ३००. सरासरी ४० आणि ३५ मुले धरता महिन्याला साडेसोळा हजार येतात, पहारेकरी आणि वीज मिळून अकरा हजार जातात. उरणारी रक्कम किरकोळ आहे, पण नावापुरता प्रवेश शहरात घेण्याऐवजी इथे घेण्याला मुलाला कारण मिळाले.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या अर्जांसाठी जुलै ते सप्टेंबर एक लिपिक आणि दोन विद्यार्थी फक्त त्याच कामावर बसवले. अर्ज अडकतात ते बहुतेक दोन ठिकाणी: उत्पन्नाचा दाखला जुना आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसणे. खाते चालू असते, पैसे काढता येतात, म्हणून मुलाला सगळे ठीक वाटते. अनुदान जमा होण्यासाठीची जोडणी वेगळी असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बँकेचा माणूस महाविद्यालयात दोन दिवस बसवल्यावर त्रुटीत निघणारे अर्ज बरेच कमी झाले.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले. सैद्धांतिक एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रात १५ तास आणि खुला वैकल्पिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा. कोणते खुले विषय ठेवायचे हे ठरवताना मराठी, भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांचा कार्यभार समोर ठेवला. वाणिज्यच्या मुलांना ते विषय मिळाले आणि विभागांना तासिका. बऱ्याच ठिकाणी हे विषय वेळापत्रकाची रिकामी जागा बघून ठरतात.

परिणाम

तिसऱ्या वर्षी प्रथम वर्ष बी.ए. १०४, बी.कॉम. ५२. बारावीनंतर थांबलेल्या मुलींच्या त्या रस्त्यावरून १७ जणी येऊ लागल्या. रोखीची तूट साडेचौदा लाखांवरून तीन लाखांच्या आसपास. प्राचार्य पूर्णवेळ. मात्र १४ पैकी भरलेली पदे अजून सातच. दोन भरली गेली, एक निवृत्ती झाली. १८० चा आकडा परत येणार नाही, असे धरूनच आता नियोजन चालते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. बारावी विज्ञानच्या मुली तिकडे जाणार आणि जायलाच हव्यात.

नॅकबाबत घाई केली नाही. थकलेले वार्षिक अहवाल आधी भरले. पुरावा नसलेले उपक्रम अहवालात घालण्याचा मोह टाळला, कारण माहितीच्या पडताळणीत छायाचित्र, हजेरीपट आणि बिल मागितले की असे दावे गळतात. मधल्या काळात ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘नाही’ अशा दोनच उत्तरांची नवी पद्धत जाहीर झाली, त्यामुळे अर्ज कोणत्या चौकटीत करायचा हे ठरणे बाकी आहे.

वेगळे काय करता आले असते

विज्ञानाचे प्रवेश थांबवल्याचे जूनमध्ये जाहीर झाले. तोवर वीसेक पालक तोंडी नाव सांगून गेले होते आणि त्यांच्या हातात इतर महाविद्यालये शोधायला दोन आठवडे उरले. निर्णय जानेवारीत झालेला होता. गावात बोभाटा नको म्हणून दाबून ठेवला. बोभाटा झालाच, वर विश्वास गेला. त्या वर्षी बी.कॉम.चेही प्रवेश घटले, कारण ‘कॉलेज बंद पडणार’ अशी हवा झाली होती. जानेवारीत पालकसभा घेऊन कोणती शाखा थांबणार आणि कोणती चालू राहणार हे लेखी दिले असते तर हे टळले असते.

बारावीच्या मुलांचा माग काढला, तसा द्वितीय वर्षातून गळणाऱ्यांचा काढला नाही. कार्यभार तिन्ही वर्षांचा धरला जातो. प्रथम वर्षाला १०४ आणि तृतीय वर्षाला ४८ असतील तर वरच्या वर्गाच्या तासिका धोक्यातच राहतात. ही यादी आता तयार होते आहे.

सात शिक्षकांशी बोलणी संस्थेने एकेकाला वेगळे बोलावून केली. त्यातून कोणाला काय कबूल केले यावर वर्षभर कुजबुज चालली. एकत्र बसवून एकच पत्रक दिले असते तर रक्कम तेवढीच लागली असती.

जमिनीचे काम अजून अर्धवट आहे. चार वारसांनी नव्याने नोंदणीकृत दानपत्र करून दिले, फेरफार मंजूर झाला. पाचव्या वारसाने आपल्या हिश्श्याचा मोबदला मागितला आहे. तो द्यायचा की रस्त्याकडेचा एक एकर सोडून कुंपण आत घ्यायचे, हा विषय विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत आहे. भूगोलाचे प्राध्यापक येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत. त्या पदाचा ना हरकत प्रस्ताव या वेळी निवृत्तीच्या आधीच सहसंचालक कार्यालयात दाखल झाला आहे.